पंख्याचे पाते आणि ट्रान्समीटरचा मेंदू

छंद म्हणून रेडिओवर चालणारी छोटी विमाने आणि ड्रोन उडवणाऱ्यांच्या बोटांना होणाऱ्या जखमा पुष्कळदा विमान हवेत असताना होतच नाहीत. विमान घरातल्या टेबलावर असते, बॅटरी जोडलेली असते आणि मालक एका हाताने पंख्याजवळची एखादी वायर सरळ करत असतो. तेवढ्यात कोपर ट्रान्समीटरच्या थ्रॉटलच्या दांडीला लागते आणि पंखा फिरतो.

दहा इंची, दोन पात्यांचा पंखा मिनिटाला ८,००० फेऱ्या घेत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ३८० किलोमीटर होतो. एका जागेवरून सेकंदाला अडीचशेहून अधिक वेळा पाते जाते. धोका जाणवून हात मागे घ्यायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात पन्नासेक घाव बसू शकतात. विजेवरची मोटार अडथळा आला म्हणून थांबेलच असे नाही. उलट जास्त करंट ओढून ती जोर लावते. त्यामुळे ही जखम सुरीच्या कापासारखी एकेरी नसते. शेजारी शेजारी अनेक काप असतात आणि खाली कंडरा किंवा चेतातंतू तुटलेला असू शकतो. बोट वाकत नसेल किंवा टोक बधिर झाले असेल, तर जखम लहान दिसली तरी नुसते वरचे टाके पुरत नाहीत. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून, हात उंच धरून रुग्णालय गाठावे. जखमेत हळद किंवा कॉफी भरू नये, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची आठवण ठेवावी. बोटाचा तुकडा पडला असेल तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये.

या अपघातांपैकी बरेचसे ट्रान्समीटरलाच अडवता येतात, आणि इथे त्याच्या फर्मवेअरचा, म्हणजे आतल्या चिपमध्ये कायम बसवलेल्या सॉफ्टवेअरचा संबंध येतो. २०१०च्या सुमारास ‘टर्निजी ९एक्स’ नावाचा स्वस्त चिनी ट्रान्समीटर हौशी मंडळींत लोकप्रिय होता. यंत्र ठीक, पण सॉफ्टवेअर तोकडे. मग काही हौशी प्रोग्रामरनी त्यासाठी ‘ईआर९एक्स’ लिहिले. ते आत घालायला सोयीचे पोर्टच नव्हते, म्हणून लोक सर्किटवर सहा तारा झाळून कॉम्प्युटरला जोडत. पुढे ‘ओपनटीएक्स’ आले, आणि २०१३मध्ये ‘टॅरानिस’ हा ट्रान्समीटर ते घेऊनच बाजारात उतरला. २०२१मध्ये त्याचीच एक शाखा ‘एजटीएक्स’ या नावाने वेगळी झाली. ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि त्यांची संहिता कुणीही वाचू, बदलू शकतो.

यात कोणती दांडी, कोणते बटण काय करील हे कंपनी नव्हे, वापरणारा ठरवतो. पक्षाघातानंतर एक हात दुबळा राहिलेल्या माणसाला थ्रॉटल गोल खटक्यावर आणि बाकीचे नियंत्रण चांगल्या हाताच्या दांडीवर घेता येते. बॅटरी उतरल्याची सूचना बोलून मिळते, त्यामुळे चाळिशीचा चष्मा लागलेल्यांना आकाशातून नजर काढून पडद्याकडे पाहावे लागत नाही. हे आवाज कार्डवरच्या साध्या फायली असतात. घरच्या मुलीच्या आवाजात मराठीतही भरता येतात.

पण हीच मोकळीक सुरक्षेलाही लागू आहे. यंत्र सुरू करताना थ्रॉटल खाली नसेल तर ही फर्मवेअर इशारा देऊन अडून बसते. रोज उठून तो इशारा कोण ऐकणार म्हणून अनेक जण सेटिंगमधली एक खूण काढून तो बंद करतात. असे करणे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली बाहेर लटकवणे आहे. त्यापेक्षा एक खटका राखून ठेवावा. तो एका बाजूला असताना दांडी कुठेही असली तरी थ्रॉटलच्या चॅनेलला किमान सिग्नलच जावा, अशी सोय ‘ओव्हरराइड’ या सुविधेने पाच मिनिटांत होते. विमान हातात घेण्याआधी खटका बंद, ही सवय मात्र स्वतःच लावून घ्यावी लागते.

दुसरी जागा ‘फेलसेफ’ची. रेडिओचा संपर्क तुटला की रिसीव्हरने काय करायचे, ते यात ठरवलेले असते. ‘होल्ड’ निवडले असेल तर मोटार आधीच्याच वेगाने फिरत राहते आणि विमान गर्दीतही शिरू शकते. थ्रॉटल शून्यावर येईल असे ठरवून, पंखा काढून ठेवून, ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून ते पाहावे.

नवी आवृत्ती टाकल्यावर किंवा कुणाचे तयार मॉडेल उतरवून घेतल्यावरही पंखा काढूनच तपासणी करावी. चॅनेलचा क्रम सर्वत्र सारखा नसतो. तिसऱ्या चॅनेलवर थ्रॉटलऐवजी एलेव्हेटर आला, तर मध्यावर असलेली दांडी मोटारीला अर्धा वेग मागू शकते. चॅनेल उलटा असेल तर दांडी खाली म्हणजे पूर्ण वेग. पंखा बसवण्यापूर्वी हे पडद्यावरच्या पट्ट्यांमध्ये दोन मिनिटांत दिसते.