बाळंतविड्यातली ऊब

लेकीचे दिवस भरत आले की घरातली जुनी ट्रंक उघडते. धुऊन धुऊन मऊ झालेली सुती लुगडी, आजोबांचे एखादे धोतर, काठ झिजलेले पातळ असे काय काय बाहेर निघते. दुपारची कामे उरकली की ओसरीवर सुई-दोरा घेऊन दोघी-तिघी बसतात आणि बारशापर्यंत बाळंतविडा तयार होतो. त्यात दुपटी असतात, झबली, लंगोट, टोपरे, कुंची आणि एक लहानशी गोधडी. कयाधू नदीच्या खोऱ्यातल्या कळमनुरीकडे (हे गाव १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते, त्या वर्षी १ मे रोजी हिंगोली जिल्हा झाला) गोधडीला वाकळही म्हणतात. आम्ही काही शिक्षकांनी मुलांना एकदा सोपा वाटणारा प्रश्न विचारला, 'वाकळ ऊब देते म्हणजे नेमके काय करते?'

बहुतेक मुलांचे उत्तर होते, 'ती गरम असते.' मग आम्ही दुसरा प्रश्न टाकला. बर्फाचे दोन सारखे खडे घेतले, एक ताटलीत उघडा ठेवला आणि दुसरा वाकळीच्या तुकड्यात गुंडाळला, तर आधी कोणता वितळेल? वर्ग दुभंगला. 'गुंडाळलेला आधी वितळणार' म्हणणारे जास्त निघाले. प्रयोग केल्यावर उघडा खडा आधी संपला. बर्फवाला लादी भुशात आणि गोणपाटात का ठेवतो, हे मग कोणाला सांगावे लागले नाही. वाकळ स्वतः उष्णता देत नाही. एका बाजूची उष्णता ती दुसऱ्या बाजूला सहज जाऊ देत नाही, एवढेच तिचे काम. आत बर्फ असेल तर बाहेरची उष्णता अडते, आत बाळ असेल तर बाळाची.

ही अडवणूक कापड करते असे आपल्याला वाटते. खरे काम कापडात अडकलेली हवा करते. उष्णतेच्या वहनाच्या बाबतीत स्थिर हवा फार आळशी आहे. तिच्या तुलनेत पाण्यातून उष्णता सुमारे २३ पट सहज वाहते. पण हवेला मोकळी जागा मिळाली की ती तापून वर जाते, तिच्या जागी थंड हवा येते आणि उष्णता वाहून नेली जाते. तेव्हा हवा हवी, पण तिला हलता येता कामा नये. झिजलेल्या लुगड्याचे सहा-सात थर एकावर एक ठेवले की थराथरांत आणि धाग्याधाग्यांत अशी कोंडलेली हवा सापडते. एवढ्याच वजनाचे एकच जाड कापड घेतले तर त्याचे धागे घट्ट विणलेले असतात, हवेला जागा कमी राहते. तेच कापड ओले झाले की हवेची जागा पाणी घेते. वाकळ तीच असते, पण ऊब नाहीशी होते. बाळाने ओले केलेले दुपटे ताबडतोब बदलायचे ते याचसाठी. उन्हात टाकलेली वाकळ संध्याकाळी फुगीर आणि जास्त उबदार लागते, कारण दमटपणा जाऊन हवा परत आलेली असते.

आता टाक्यांकडे येऊ. थर नुसते एकावर एक ठेवले तर पहिल्याच रात्री ते सरकून गोळा होतात. म्हणून धावदोरा घालायचा. पण सुई जिथून जाते तिथे थर दाबले जातात, हवा कमी होते आणि उष्णतेला तेवढी चोरवाट मिळते. टाके फार दाट घातले तर वाकळ मजबूत पण चपटी होते, फार विरळ घातले तर फुगीर राहते पण धुताना आतले थर गोळा होतात. कापूस भरलेल्या रजईत टाके लांब लांब चालतात, कारण तिथे मुख्यतः कापसाचा थर जागेवर ठेवायचा असतो. झिजलेल्या लुगड्यांचे मात्र प्रत्येक पदर सुटे, विरलेले आणि निसरडे असतात. त्यांना दाट टाका लागतोच. दोरा वाकळभर फिरल्यामुळे एका जागी कापड फाटले तरी ताण शेजारच्या टाक्यांवर वाटला जातो आणि फाट पुढे पळत नाही. जपानमधले साशिको, बंगालमधला कांथा आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांची कवंडी ही याच धावदोऱ्याची भावंडे आहेत. साध्या घरांत जुने कापड टाकून देणे परवडत नव्हते, तिथे तिथे ही युक्ती सुचलेली दिसते.

गणिताच्या तासाला एक हिशेब करून घ्यावा. बाळाची वाकळ ९० सेंटीमीटर लांब आणि तितकीच रुंद धरू. टाक्यांच्या ओळी दीड-दीड सेंटीमीटरवर घातल्या तर ६० ओळी होतात. पाऊण सेंटीमीटरला एक टाका धरला तर एका ओळीत १२०, म्हणजे एकूण ७,२०० टाके. एका टाक्याला तीन सेकंद धरले तरी न थांबता सहा तास लागतात. प्रत्यक्षात दोरा ओवणे, गाठ मारणे आणि मध्येच चुलीकडे धावणे यात किती दिवस जातात ते मुलांनी घरी विचारून यावे. आमच्या वर्गातल्या मुली हा हिशेब ऐकून आपापल्या आज्यांकडे गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आमची दीड सेंटीमीटरची ओळ 'फार लांब' ठरवून आल्या.

यानंतर आम्ही डब्यांचा प्रयोग केला आणि तो फसला. दोन सारखे डबे घेऊन त्यांत सारखेच गरम पाणी भरले. एकाभोवती वाकळ गुंडाळली, दुसरा उघडा ठेवला. दर पाच मिनिटांनी तापमापी पाहायची होती. दोन्ही डब्यांतल्या पाण्यात फारसा फरक पडेना, तेव्हा मुले आमच्याकडे संशयाने पाहू लागली. शेवटी एका मुलीच्या लक्षात आले की वरून वाफ जाते आहे. आम्ही डब्याच्या अंगाला वाकळ गुंडाळली होती, पण त्याचे तोंड उघडेच होते. दोन्ही डब्यांवर झाकणे आणि एकाच्या झाकणावर वाकळीची घडी ठेवून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा फरक स्पष्ट दिसला. 'डब्याला टोपरं घालायचं राहिलं होतं,' असे ती म्हणाली. आम्हाला पुढचा पाठ आयताच मिळाला.

नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे चौथ्या हिश्शाएवढे असते. मोठ्या माणसात ते आठव्या हिश्शाएवढे भरते. बाळाच्या एकूण त्वचेपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा डोक्यावर असतो, मोठ्या माणसात दहावासुद्धा नसतो. डोके उघडे ठेवून अंगाला कितीही दुपटी गुंडाळली तरी आपल्या पहिल्या डब्यासारखीच गत होते.

दुसरी गोष्ट आकाराची. एक सेंटीमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर आणि घनफळ १ घन सेंटीमीटर असते. बाजू दुप्पट केली की पृष्ठफळ २४ आणि घनफळ ८ होते. म्हणजे वस्तू जितकी लहान, तितकी तिच्या आकारमानाच्या मानाने त्वचा जास्त. तीन किलोच्या बाळाला दर किलोमागे साधारण ७०० चौरस सेंटीमीटर त्वचा असते, साठ किलोच्या माणसाला तीनशेच्याही आत. उष्णता तयार होते ती शरीराच्या आत, जाते ती त्वचेवाटे. बाळाला आपल्यासारखे कुडकुडून ऊब मिळवणेही जमत नाही. त्याच्या मानेजवळ आणि पाठीवर असलेली विशेष चरबी जाळून ते उष्णता मिळवते, आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळाकडे ही शिदोरी फार थोडी असते. बाळाच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. त्याखाली गेले की बाळ मलूल होते, दूध ओढत नाही. दूध पोटात नाही म्हणून आणखी गार पडते. हिवाळ्यात आमच्याकडे पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा ही घसरण रात्रीत होऊ शकते. जन्मल्याबरोबर अंग कोरडे करणे आणि पहिल्या दिवशी अंघोळ न घालणे यामागेही हेच आहे. ओल्या त्वचेवरचे पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. बाळ हाती येताच न्हाऊ घालण्याची आपली जुनी रीत इथे चुकते, आणि ते घरातल्या वडीलधाऱ्या बायांना आदराने पण स्पष्ट सांगायला हवे.

या ज्ञानाचा उपयोग मोठ्या प्रमाणावर झाला तो गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची काळजी घरीच घेण्याची पद्धत बसवली. कमी वजनाच्या बाळांसाठी उबदार कपडे, टोपी आणि शिवलेली झोपपिशवी हा तिचा भाग होता. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे श्रेय एकट्या उबेचे नाही. जंतुसंसर्गावरचे उपचार, स्तनपान, श्वास कोंडलेल्या बाळाला मदत हे सारे त्यात आले. २०११ पासून देशभरात आशा कार्यकर्त्या घरी जाऊन नवजात बाळे पाहतात, त्याचे मूळ या कामात आहे. त्याआधी, १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात उबपेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. हीच 'कांगारू' पद्धत. यात आई स्वतः उष्णता देते आणि वरचे पांघरूण ती अडवते.

आता कुंची आणि टोपरे. सपाट कापड गोल डोक्यावर बसवायचे कसे? संत्र्याला कागद गुंडाळून पाहा, चुण्या पडल्याशिवाय तो बसत नाही. म्हणून शिवणारीण एक तर चुण्या घेऊन जादा कापड गोळा करते, जसे कुंचीत डोक्याच्या मागे, नाही तर पाकळ्या कापते. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३४ सेंटीमीटर असतो. सहा पाकळ्यांचे टोपरे करायचे तर प्रत्येक पाकळी तळाशी ३४ ÷ ६, म्हणजे पावणेसहा सेंटीमीटरच्या आसपास रुंद. डोके अर्धगोल धरले तर कडेपासून शेंड्यापर्यंतचे अंतर घेराच्या चौथ्या हिश्शाएवढे, साडेआठ सेंटीमीटर. यात शिवणीची जागा मिळवायची आणि कान झाकण्यासाठी खाली पट्टी जोडायची. वर्षभरात घेर ४५-४६ सेंटीमीटरपर्यंत जातो, म्हणून नेमक्या मापाचे टोपरे दोन-तीन महिन्यांत निकामी होते. कुंचीला मात्र मागे चुण्या आणि गळ्याशी बंद असतात, त्यामुळे ती बाळाबरोबर वाढते. शिवाय ती पाठीवरून खाली येते, म्हणजे डोके, मान आणि पाठ एकाच कापडाने झाकली जातात. खणाची, काठापदराची कुंची बारशाला मिरवण्यासाठी छान, पण आत मऊ सुती अस्तर हवेच. कळमनुरी तालुक्यातल्या तांड्यांवर बंजारा स्त्रिया कपड्यांवर आरसे आणि कवड्या टाकतात. ते काम देखणे असते, पण तान्ह्याच्या टोपऱ्यावर तोंडाजवळ अशी सुटू शकणारी वस्तू नको.

मिंकची ब्लँकेटे आल्यापासून वाकळी मागे पडल्या. ती ऊब देत नाहीत असे म्हणणे खोटे ठरेल, कारण त्यांच्या लवीतही हवाच अडकलेली असते. फरक ओलाव्याचा आहे. नेहमीच्या दमट हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास बाष्प शोषतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यामुळे सुती कपड्यात घाम त्वचेवर साचून राहत नाही. विस्तवाजवळ पॉलिएस्टर वितळून अंगाला चिकटते. सुती कापडही पेटतेच, पण चिकटत नाही. उलट वाकळ जड असते आणि वाळायला वेळ लावते, हे तिच्या विरुद्ध जाते.

झोपलेल्या बाळाच्या तोंडावर मात्र वाकळ येता कामा नये, आणि उन्हाळ्यात चाळीस अंशांवर तापलेल्या खोलीत बाळाला गुंडाळून ठेवले तर आतली उष्णता कोंडून बाळाला ताप चढतो. बाळाची छाती किंवा पोट हाताच्या पाठीने चाचपून पाहावे. ते कोमट लागले तर ठीक, घामेजलेले असेल तर एक थर काढावा, गार असेल तर आईच्या छातीशी घ्यावे. पाय गार आणि पोट कोमट असेल तर ती थंडीची पहिली खूण समजावी. आम्ही ही तपासणी मुलांना घरातल्या तान्ह्या भावंडांवर, अर्थात आईसमोर, करून तक्त्यात लिहायला सांगितली आहे. तक्त्यात चार रकाने आहेत: पहाटेचे खोलीचे तापमान, बाळाच्या अंगावरचे थर, पाय आणि पोट.