‘श्वास’ आणि डॉक्टरांचे अवधान

चित्रपट पाहून अंतर्मुख होणे हे आम्हा डॉक्टर मंडळींच्या वाट्याला क्वचित येते. रविवारी सायंकाळी दोन घटका करमणूक झाली की पुरे, अशीच आमची अपेक्षा असते. त्याच अपेक्षेने, साधारण वीस वर्षांपूर्वी, एका स्नेह्याच्या दिवाणखान्यात आम्ही पाच-सहा मराठी कुटुंबे ‘श्वास’ पाहावयास बसलो होतो. मध्यंतरात चहा आणि पातोड्यांचा बेत ठरला होता. प्रत्यक्षात मध्यंतर झालेच नाही. कोणी उठलेच नाही.

संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला आणि माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेला हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ ‘श्यामची आई’नंतर सुमारे पन्नास वर्षांनी मराठीकडे आले ते याच चित्रपटामुळे, आणि त्याच वर्षी ऑस्करसाठी भारतातर्फे त्याची निवडही झाली. कोकणातील एक आजोबा आपल्या नातवाला, परशाला, डोळे दाखविण्यासाठी पुण्यास आणतात. निदान होते दृष्टिपटलाच्या कर्करोगाचे, अर्थात रेटिनोब्लास्टोमाचे. जीव वाचवावयाचा तर शस्त्रक्रिया हवी आणि त्यानंतर दृष्टी राहणार नाही. शस्त्रक्रिया काही कारणाने लांबते, आणि आजोबा कोणासही न सांगता मुलाला रुग्णालयातून बाहेर नेतात. डोळ्यांपुढे कायमचा अंधार येण्यापूर्वी त्याला जग पाहू देण्यासाठी.

अरुण नलावडे यांचे आजोबा आणि अश्विन चितळे याचा परशा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझी नजर मात्र संदीप कुलकर्णी यांनी साकारलेल्या शल्यविशारदावर खिळली होती. तो दुष्ट नाही, निष्काळजी तर नाहीच. त्याचे शास्त्र चोख आहे. फक्त त्याला वेळ नाही. रुग्ण नाहीसा झाल्यावर त्याचा जो संताप होतो, तो मला अगदी स्वाभाविक वाटला. किंबहुना त्याच्या जागी मीही तसाच ओरडलो असतो, असे मनात आले आणि त्याच क्षणी मी अस्वस्थ झालो.

कारण चारच दिवसांपूर्वी माझ्या दवाखान्यात एक आजीबाई येऊन गेल्या होत्या. कामरेजच्या परिसरात ऊसतोडणीच्या हंगामात खानदेशातून आणि डांगातून कोयता घेऊन माणसे येतात, शेताच्या कडेला पडाव टाकतात, हे येथील वाचकांस ठाऊक आहे. त्यांपैकीच एका कुटुंबातील तीन वर्षांची मुलगी. ‘दिव्यासमोर डोळा मांजरीगत चमकतो’ ही तक्रार. टॉर्च टाकताच उजव्या बाहुलीत पांढरी झाक दिसली. पंधरा-वीस हजार जन्मांमागे एखाद्या बालकास होणारा हा आजार. पण पांढरी बाहुली दिसल्यावर तो नाही असे सिद्ध होईपर्यंत तोच मानावयाचा, हे आपण सारेच शिकलो आहोत. मी सुरतेच्या नेत्रतज्ज्ञांच्या नावे इंग्रजीत चिठ्ठी लिहिली, लाली होती म्हणून थेंब दिले आणि ‘लवकर जा’ असे सांगून पुढच्या रुग्णास हाक मारली. बाहेर चाळीस माणसे बसली होती. वैद्यकीय दृष्ट्या त्या चिठ्ठीत काहीही उणे नव्हते.

त्या रात्री मला झोप आली नाही. संत ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांपाशी केवळ अवधान मागतात. तो अध्याय मी लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलेला. अवधान म्हणजे ऐकणाऱ्याने द्यावयाची वस्तू, एवढेच तोवर मला समजले होते. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ने भक्ती पडद्यावर आणली, ‘श्वास’ची कथा संतचरित्राची नव्हे. तरीही परमार्थाची जी गोष्ट पोथीतून माझ्यापर्यंत पोहोचली नाही, ती एका मुलाला शहर दाखवीत हिंडणाऱ्या म्हाताऱ्याने पोहोचविली. तो दिवसभर दुसरे काहीच करीत नाही, नातवाजवळ असतो. मी त्या आजीबाईंजवळ तीन मिनिटेही नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मुकादमाला गाठून पडावावर गेलो. चिठ्ठी आजीबाईंच्या पदराच्या गाठीत तशीच होती. थेंबांनी लाली उतरली, म्हणून गुण आला असे त्यांनी मानले होते. शिवाय उचल घेतलेली असल्याने मुलीच्या आईबापांचा खाडा परवडणारा नव्हता. मी उसाच्या पाचटावर बसलो आणि आजार काय आहे, तो डोळ्यातून मेंदूकडे कसा सरकू शकतो, एक डोळा कदाचित काढावा लागेल, पण आत्ता गेल्यास जीव वाचण्याची आशा मोठी आहे, हे सारे सावकाश सांगितले. अर्धा तास लागला. आजीबाई रडल्या नाहीत. त्यांनी अहिराणीत एवढेच विचारले, ‘‘मंग तव्हयच काब्र नही सांगं, डाक्टर?’’

त्याला उत्तर नव्हते. मुकादमाशी खाड्याचे बोलणे मीच केले, आणि तिसऱ्या दिवशी ती मंडळी सुरतेस गेली.

येथे एक कबुली दिली पाहिजे. तेव्हापासून मी प्रत्येक रुग्णाला अर्धा तास देतो, असे मुळीच नाही. गर्दीच्या दिवशी ते अशक्य आहे, आणि तसे सांगणाऱ्या व्याख्यात्यांनी एकदा पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात बसून पाहावे. बदल लहान आहे. वाईट बातमी सांगावयाची असली की मी लेखणी खाली ठेवतो, खुर्ची मेजाच्या अलीकडे ओढतो आणि चिठ्ठीत काय लिहिले ते रुग्णाच्या भाषेत वाचून दाखवितो. शेवटी त्यांनाच विचारतो, ‘‘तुम्हांला काय समजले, ते मला सांगा.’’ पुष्कळदा काहीच समजलेले नसते. मग पुन्हा आरंभ करतो. आमचे कंपाउंडर खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकला की बाहेर सांगतात, ‘‘आता वेळ लागेल.’’

त्या मुलीचा उजवा डोळा काढावा लागला. डावा निर्दोष होता. पुढच्या हंगामात आजीबाई तिला घेऊन आल्या त्या खोकल्यासाठी. मी छाती तपासत असताना तिने मेजावरचा माझा टॉर्च उचलला, माझ्या डोळ्यांवर धरला आणि बराच वेळ, मान वाकडी करून, आत पाहत राहिली.