झाडीतल्या गोष्टी पुस्तकात आल्या, आता घरात याव्यात

धानाचे चुरणे आटोपत आले की चंद्रपूर-गडचिरोलीकडे नाटकांचे मंडप पडू लागतात. वडशाच्या नाटक मंडळ्यांच्या तारखा लागतात, घरोघरी पाहुणे येतात आणि माणसे रात्र रात्र जागतात. याच दिवसांत अधूनमधून एखाद्या गावी लहानसा मंडपही दिसतो. गावातल्या कुणा मास्तराच्या किंवा शेतकऱ्याच्या नव्या कथासंग्रहाचे प्रकाशन असते. शाल-श्रीफळ होते, पाहुणे बोलतात, फोटो निघतो. लेखकाच्या घरी त्या दिवशी लग्नासारखी धावपळ असते आणि ती असावीच. पुष्कळदा छपाईचा खर्च त्यानेच सोसलेला असतो.

या आनंदाला आपल्या भागात जुना आधार आहे. नरखेडला १९१४ साली जन्मलेले वामनराव चोरघडे यांचा 'सुषमा' हा पहिला कथासंग्रह १९३६ साली निघाला. पुढे १९७९ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपूरला भरले, तेव्हा अध्यक्षपदी हेच कथाकार होते. गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता. तो १९८२ साली झाला. म्हणजे आजचे दोन्ही जिल्हे त्या वेळी मिळून यजमान होते म्हणा ना! २०१२ साली संमेलन पुन्हा चंद्रपूरला आले.

पण वैदर्भीय लेखकाचे पुस्तक निघणे वेगळे आणि झाडीच्या बोलीतले पुस्तक निघणे वेगळे. आपल्या बोलीत 'ळ' नाही, 'ण' नाही. डोळ्याला आपण 'डोरा' म्हणतो, पाण्याला 'पानी'. शाळेत याच बोलण्यावर पोरांना हसतात, मग पोरे बोलायचीच लाजतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या पुढाकाराने १९९२ पासून झाडीबोलीची संमेलने भरू लागली, तेव्हा कुठे लिहिणाऱ्यांना धीर आला. तरीही छापखान्यात कुणी 'डोरा' खोडून 'डोळा' केला, की गोष्टीतली आजी एकदम पुण्याची होते. लेखकाने तिथे हटून बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. निवेदन प्रमाण मराठीत असले तरी चालेल, पण बांधीत रोवणा करणाऱ्या बाईच्या तोंडी तिचेच शब्द हवेत.

आम्हा शेतीखात्यातल्या माणसांना इथे नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवतात. १९८३ साली 'पटेल-३' धानाच्या शेतात त्यांना तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, पुढल्या वर्षी वेगळ्या पेरल्या आणि निवडत निवडत 'एचएमटी' हे वाण तयार केले. नाव दिले त्या काळच्या घड्याळावरून. कथाकारही असाच बोलण्याच्या रानातून चार लोंब्या वेचतो. मात्र दादाजींचे वाण पसरले ते शेजाऱ्यांनी बियाणे नेले म्हणून. कथासंग्रहाचे बहुधा उलटे होते. मंडप उतरला की उरलेले गठ्ठे लेखकाच्या खाटेखाली जातात आणि तिथे त्यांना वाळवी लागते. ओळखीचे लोक "एक प्रत द्या की भेट" म्हणतात. धानाचे बियाणे आपण फुकट मागतो काय?

शेतकऱ्याच्या गोष्टी कुणी वाचत नाही, हे म्हणणेही खरे नाही. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा शाळेच्या पुस्तकातून कितीतरी मुलांनी वाचली. टमाट्याला भाव नाही म्हणून भर बाजारात माल तुडवणारा बाप त्यांच्या मनातून गेला नाही. परभणीकडचे आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातही खेड्यातलीच माणसे आहेत. मग मोहफुले वेचायला पहाटे निघणाऱ्या बायांची, तेंदूपत्त्याच्या फळीवर पुडके मोजून देणाऱ्यांची, वाघाच्या धाकाने जागल सोडलेल्या घरांची गोष्ट का वाचली जाणार नाही?

तेव्हा मंडळी, प्रकाशनाला जाल तेव्हा एक प्रत विकत घ्यावी. गावात सरकारमान्य वाचनालय असेल, तर तिथल्या ग्रंथपालाकडे पुस्तकाची मागणी नोंदवावी. त्या वाचनालयाला अनुदान मिळते ते वाचकांसाठीच. प्रकाशनाच्या कार्यक्रमात दोन भाषणे कमी करून एक गोष्ट वाचून दाखवावी. नंतरही बचत गटाची बैठक संपल्यावर अर्धा तास मिळतोच. कथासंग्रहाची सोय ही की एका बैठकीत एक गोष्ट पुरी होते, कादंबरीसारखी अडकून राहत नाही. वाचायला मात्र गावातली एखादी आठवी-नववीतली पोरगी बसवावी. झाडीतले संवाद ती आमच्यासारख्या साहेबांपेक्षा नेमके म्हणेल, आणि कुठे शब्द चुकला तर मागे बसलेल्या म्हाताऱ्या तिला लगेच सांगतील.