एक वीत नळी कापली तेव्हा

नळी जितकी लांब, तितकी गोळी वेगवान, हा समज पुरता चुकीचा नाही. पण किती लांबीला किती वेग, असं विचारलं की हिशेब वाकडा होतो. तो तपासायला सोव्हिएत बंदुकांचं एक घराणं फार सोयीचं आहे. एके-74 रायफल, आरपीके-74 ही हलकी मशीनगन आणि एकेएस-74यू ही आखूड कार्बाइन. तिघींचं काडतूस एकच, 5.45 मिलिमीटरचं, वेगळी आहे ती नळी.

रायफलची नळी 415 मिलिमीटर. गोळी तिच्या तोंडातून सेकंदाला सुमारे 900 मीटर वेगाने सुटते. कार्बाइनसाठी जवळपास एक वीत नळी कापली, ती 206 मिलिमीटरवर आली आणि वेग 735 मीटरवर. मशीनगनची नळी मात्र 590 मिलिमीटर, आणि वेग 960. म्हणजे कार्बाइनपासून रायफलपर्यंतच्या 209 मिलिमीटरने 165 मीटर दिले. त्यापुढच्या 175 मिलिमीटरने जेमतेम 60.

असं का? दारू पेटली की वायूचा दाब झपाट्याने शिगेला पोहोचतो, तेव्हा गोळी नळीत थोडीशीच सरकलेली असते. ती पुढे जाते तशी तिच्या मागची जागा वाढते आणि दाब उतरू लागतो. रेटा चालूच राहतो, पण दर सेंटिमीटरला क्षीण होत जातो. घर्षण मात्र पाठ सोडत नाही.

कार्बाइनचा वेग 18 टक्क्यांनीच घटला, पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते. त्यामुळे 3.4 ग्रॅमच्या गोळीची ऊर्जा तब्बल एक तृतीयांशाने कमी झाली.

एवढ्यावर भागलं नाही. गोळी वायूच्या छिद्रापुढे गेल्यावर लगेच नळीबाहेर पडू लागली, त्यामुळे पुढचं काडतूस भरणाऱ्या यंत्रणेला दाब पुरेना. म्हणून नळीच्या तोंडावर वायू अडवणारी डबी बसवावी लागली. तिने भडकाही थोडा आवरला. नळीतल्या आट्यांचा पीळही 200 मिलिमीटरला एक फेरा होता, तो 160 वर आणावा लागला. तरी दस्ता दुमडल्यावर 49 सेंटिमीटरची ही बंदूक रणगाड्यात बसलेल्या माणसासाठी वाईट सौदा नव्हती.

क्रीडा नेमबाजीत तर वेगाची हावच नसते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यात पॉइंट 22 चं काडतूस चालतं. त्यात दारू इतकी थोडी असते की साधारण 16 इंचांनंतर नळी फारसा वेग देत नाही, आणि सामन्याची काडतुसं मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवतात. मग या रायफली लांबलचक का? मागच्या आणि पुढच्या नेमकाट्यांत अंतर जास्त असलं की नेम धरताना झालेली चूक लवकर दिसते. त्यासाठी अनेक नेमबाज आखूड नळीच्या तोंडाला आटे नसलेली पोकळ नळी जोडतात आणि पुढचा नेमकाटा तिच्यावर बसवतात.