तीन मिनिटांत तीस वर्षे

ब्राझीलमधील बेलेम येथील ‘कॉप ३०’ ही हवामान परिषद खनिज इंधनांतून बाहेर पडण्याचा आराखडा अंतिम मसुद्यात न घेताच आटोपली आणि पुढची परिषद तुर्कस्तानातील अंताल्या येथे भरेल असे ठरले. हे मथळे वाचकांच्या नजरेखालून गेलेलेच आहेत. मात्र अशा परिषदांच्या आगेमागे गेली दहा-बारा वर्षे निरनिराळ्या संस्थांकडून होत आलेल्या एका उपक्रमाची बातमी बहुधा आतल्या पानावरच राहते. हा उपक्रम म्हणजे हवामान बदलावर तरुणांनी केलेल्या माहितीपटांच्या व लघुपटांच्या स्पर्धा.

जागतिक बँकेच्या ‘कनेक्ट फॉर क्लायमेट’ या कार्यक्रमाने २०१४ मध्ये ‘अ‍ॅक्शन फॉर क्लायमेट’ ही माहितीपट स्पर्धा घेतली, तेव्हा १४ ते १७ आणि १८ ते ३५ असे दोन वयोगट होते, परीक्षक मंडळाचे अध्यक्षपद इटालियन दिग्दर्शक बेर्नार्दो बेर्तोलुची यांच्याकडे होते आणि सदस्यांत विम वेंडर्स, वॉल्टर सालेस व मीरा नायर यांच्यासारखी नावे होती. त्याच्या पुढल्या वर्षी, पॅरिस परिषदेच्या निमित्ताने, संयुक्त राष्ट्रांच्या हवामान सचिवालयाने ‘टीव्हीई’ या संस्थेच्या साहाय्याने १८ ते ३० वयाच्या तरुणांसाठी तीन मिनिटांच्या चित्रफितींची स्पर्धा सुरू केली आणि विजेत्यांना परिषदेला नेण्याचे बक्षीस ठेवले. एवढ्या मोठ्या परीक्षकांनी निवडले काय, हे मात्र बारकाईने पाहण्याजोगे आहे.

२०१४ च्या स्पर्धेत वरच्या वयोगटातील पहिले पारितोषिक पोर्तुगालच्या गोन्सालो तोशा यांच्या ‘द ट्रेल ऑफ अ टेल’ या लघुपटाला मिळाले आणि त्याची मध्यवर्ती कल्पना होती भविष्यकाळातून आजच्या माणसांना आलेले एक पत्र. २०१६ मध्ये याच कार्यक्रमाच्या ‘फिल्म फॉर क्लायमेट’ स्पर्धेचा निकाल मोरोक्कोतील माराकेश येथे लागला, तेव्हा लघुपट विभागात स्पेन्सर शार्प यांचा ‘थ्री सेकंड्स’ पहिला आला. त्यात प्रिन्स ईए हा अमेरिकन शब्दकलावंत थेट प्रेक्षकांशी बोलतो. प्रत्यक्ष घडलेल्या वास्तवाची नोंद आणि मांडणी या काटेकोर अर्थाने पाहिले तर या दोन्ही कृती माहितीपटांत मोडत नाहीत. म्हणून परीक्षकांना दोष देण्याचे कारण नाही, कारण अडचण विषयातच आहे. जागतिक हवामान संघटनेच्या रूढ व्याख्येनुसार हवामान म्हणजे एखाद्या ठिकाणच्या तापमान, पाऊस, वारे आदींची साधारण तीस वर्षांची सरासरी आणि तिच्यातील चढउतार. कॅमेऱ्यासमोर मात्र आजचा दिवस असतो. सरासरीचे चित्रीकरण करता येत नसल्याने तरुण दिग्दर्शक कवितेकडे वळतात.

‘थ्री सेकंड्स’ने ही अडचण गणिताने सोडवू पाहिली. पृथ्वीचे सारे आयुष्य चोवीस तासांत बसवले तर माणसाच्या वाट्याला तीनच सेकंद येतात, हे त्याचे सूत्र आहे. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे धरल्यास या मापात एक सेकंद साधारण साडेबावन्न हजार वर्षांचा होतो आणि तीन सेकंदांची दीड लाखाहून थोडी अधिक वर्षे भरतात. गंमत अशी की, स्पर्धेचा निकाल लागला त्या माराकेशपासून पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या जेबेल इरहूद येथील मानवी अवशेष तीन लाख वर्षांपूर्वीचे असल्याचे संशोधन पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, प्रसिद्ध झाले आणि तीन सेकंदांचे जवळजवळ सहा झाले. अर्थात खरी मेख पुढे आहे. कोळशावर चालणाऱ्या कारखानदारीची अडीचशे वर्षे या मापात सेकंदाच्या दोनशेव्या भागाएवढी उरतात, तर चित्रपटाची एक चौकट सेकंदाचा चोविसावा भाग व्यापते. म्हणजे ज्या काळात माणसाने हवेचे रसायन बदलले तो संपूर्ण काळ एका चौकटीच्या आठव्या हिश्श्यातही मावून जातो.

याच्या उलट टोकाचा मार्ग कंटाळवाणा, पण पुराव्याच्या दृष्टीने भक्कम आहे. त्याला पुनर्छायाचित्रण म्हणता येईल: जुने छायाचित्र जिथून टिपले होते नेमके तिथे उभे राहून तीच चौकट पुन्हा टिपायची आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवायची. युगांडा आणि काँगो यांच्या सीमेवरील र्‍वेन्झोरी पर्वतावर १९०६ मध्ये अब्रुत्झीच्या ड्यूकची मोहीम गेली, तेव्हा व्हित्तोरिओ सेल्ला या इटालियन छायाचित्रकाराने तेथील हिमनद्यांची छायाचित्रे काढली होती. नील लोसिन आणि नेथन डॅपेन हे दोन अमेरिकन जीवशास्त्रज्ञ शतकभराने त्याच जागा शोधत वर गेले व त्यातून ‘स्नोज ऑफ द नाइल’ हा माहितीपट झाला. सेल्लाच्या वेळी सहा पर्वतांवर मिळून नावे दिलेल्या ४३ हिमनद्या होत्या आणि त्यांचे क्षेत्र सुमारे साडेसात चौरस किलोमीटर होते; २००५ पर्यंत निम्म्याहून कमी हिमनद्या, त्याही तीनच पर्वतांवर, आणि दीड चौरस किलोमीटर एवढेच क्षेत्र उरले होते. येथे निवेदकाने आवाज चढवण्याची गरज पडत नाही.

जेम्स बॅलॉग या अमेरिकन छायाचित्रकाराने २००७ मध्ये ‘एक्स्ट्रीम आइस सर्व्हे’ हा प्रकल्प सुरू करून हीच पद्धत यंत्राच्या हाती दिली. ग्रीनलँड, आइसलँड, अलास्का आणि मोंटाना येथील खडकांवर त्याने कॅमेरे घट्ट बसवले आणि ठरावीक अंतराने ते आपोआप छायाचित्रे घेऊ लागले. सुरुवातीला कॅमेऱ्यांची वेळयंत्रेच थंडीवाऱ्यात बंद पडत होती, आणि ही फजिती जेफ ऑर्लोव्स्कीच्या ‘चेसिंग आइस’ (२०१२) या माहितीपटात लपवलेली नाही. ऑर्लोव्स्की त्या प्रकल्पात सामील झाला तेव्हा तो विशीतला होता. २८ मे २००८ रोजी तो आणि त्याचा एक सहकारी ग्रीनलँडमधील इलुलिसाट हिमनदीसमोर कॅमेरे रोखून तंबूत मुक्काम ठोकून होते म्हणूनच हिमकडा सुमारे ७५ मिनिटे कोसळत राहिल्याचे दृश्य टिपले गेले. स्पर्धेच्या नियमांत न बसणारी एकच गोष्ट त्याच्याकडे होती, ती म्हणजे थांबण्याची मुभा.

तरीही ते दृश्य एकटे काहीच सिद्ध करत नाही, कारण समुद्राला मिळणाऱ्या हिमनदीचे कडे स्थिर हवामानातही तुटतच असतात. त्या माहितीपटाचा खरा पुरावा नंतरच्या आकड्यांत आहे, ज्यांनुसार ही हिमनदी विसाव्या शतकात जेवढी मागे हटली त्याहून अधिक पुढच्या सुमारे दहा वर्षांत हटली. उलट, २०१६ नंतर काही काळ तिच्या मुखाशी तुलनेने थंड पाणी आल्याने ती जाड होऊन पुढे सरकल्याचे नासाच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये दाखवून दिले. त्या काळात एखादा प्रामाणिक तरुण कॅमेरा घेऊन तेथे गेला असता, तर त्याने वाढत्या हिमनदीचा प्रामाणिक आणि संपूर्ण दिशाभूल करणारा माहितीपट बनवला असता.

आपल्याकडेही हाच पेच आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. ड्रोनने घेतलेली ती दृश्ये कोणत्याही स्पर्धेत शोभून दिसतील. पण एका वादळाचा दोष हवामान बदलावर कितपत टाकता येतो, हे दृश्य सांगत नाही. त्यासाठी ‘कारणनिश्चिती’ नावाची शास्त्रशाखा आहे, जिच्यात माणसाने सोडलेल्या वायूंसह आणि त्यांच्याविना अशा दोन जगांची संगणकावर तुलना करून एखाद्या घटनेची शक्यता किती पटींनी वाढली हे काढतात; २०२२ मध्ये भारत-पाकिस्तानात मार्च-एप्रिलमध्ये आलेल्या उष्णतेच्या लाटेची शक्यता अशा अभ्यासात सुमारे तीस पट वाढल्याचे आढळले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी अरबी समुद्रातील वादळांची दोन कालखंडांत तुलना केली, तेव्हा १९८२ ते २००० च्या मानाने २००१ ते २०१९ या काळात त्यांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आडव्या पडलेल्या पोफळींच्या दृश्याला या आकड्याची जोड मिळाली तरच तो माहितीपट हवामानाविषयी बोलू लागतो, नाहीतर ती आपत्तीची बातमीच राहते.

अनेक स्पर्धा उपाययोजना आणि आशा दाखवण्याचा आग्रह धरतात, त्यातून सौर दिवे आणि रोपे लावणारी मुले यांची एकसुरी रांग लागते. त्यापेक्षा नियम बदलणे अधिक उपयोगाचे ठरेल. जुने चित्रीकरण वापरण्यावर बंधन न घालता तेच सक्तीचे करावे. फिल्म्स डिव्हिजनने १९४८ पासून काढलेले वृत्तपट आणि पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा साठा चाळून कोकणातील पुळणी, मराठवाड्यातील तलाव, सातारा-सांगलीकडचे माळ शोधावेत आणि तीच चौकट आज पुन्हा टिपावी. पुण्यातच भारतीय हवामान विभागाचे राष्ट्रीय विदा केंद्र असल्याने आकड्यांसाठीही लांब जावे लागणार नाही. पाचगणीहून सुरू झालेला ‘ऑल लिव्हिंग थिंग्ज’ हा पर्यावरणपटांचा महोत्सव किंवा पुण्याचा किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव यांना पाच वर्षांच्या मुदतीची एखादी स्पर्धा घेणे अशक्य नाही. आंतरराष्ट्रीय संस्थांकडून मात्र ती अपेक्षा धरता येणार नाही, कारण परिषद दरवर्षी भरते, बक्षीस समारंभ तिच्याच मंचावर उरकायचा असतो, आणि प्रवेशिकांची मुदत त्या तारखेवरून मागे मोजत ठरते.