तालीम कां थांबवावी लागते?

पैलवानाचा पाय मुरगळला, खांदा निखळला किंवा कान फुटला, तर त्याच्या घरीं बसण्याचें कारण सर्वांस दिसतें. पट्टी बांधलेला पाय पाहून वस्ताद आपण होऊन विश्रांति देतात, सोबती चौकशी करतात, आणि कोणी त्याला भित्रा म्हणत नाहीं. पवित्र शास्त्रांतील याकोब यब्बोक नदीच्या उताराजवळ रात्रभर झोंबी खेळला व त्याच्या मांडीचा सांधा निखळला; सकाळीं तो लंगडत निघाला, तेव्हां त्याच्या दुखण्याविषयीं कोणास शंका आली नसेल. परंतु ज्या दुखण्याची बाहेर कोठेंच खूण नाहीं आणि ज्याचें नांव डॉक्टरांसही अद्याप सांपडलेलें नाहीं, अशा दुखण्यासाठीं तालीम थांबविणें फार अवघड जातें. अंग धडधाकट, भूक उत्तम, दंड पूर्वींसारखेच भरलेले. मग हा मुलगा हौद्याच्या कडेला बसून कां राहतो, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडतो, आणि खरें सांगावयाचें तर बसणाऱ्यासही पडतो. या प्रश्नाचें शास्त्राच्या आधारें जें उत्तर देतां येतें, तें वाचकांपुढें ठेवावें, एवढ्यासाठीं हा लेख आहे.

आमच्या कोल्हापुरांत हा विषय नुसत्या कुतूहलाचा नाहीं. ज्या शहरांत शाहू महाराजांनीं १९१२ सालीं खासबागेचें मैदान उभारलें, जेथें राजाराम कॉलेजांत शिकलेल्या खाशाबा जाधवांनीं पुढें १९५२ सालीं हेलसिंकीहून कांस्यपदक आणलें, त्या शहरांत तालमींतून उठणें म्हणजे पंक्तींतून उठण्यासारखें वाटतें. आम्ही स्वतः सध्यां उठलेल्यांपैकीं आहोंत. गेल्या डिसेंबरांत जोडीशीं लढत चालू असतांनाच डोळ्यांपुढें अंधारी येऊन आम्ही मातींत पडलों. पंधरा दिवसांनीं पुन्हां तसेंच झालें. वस्तादांनीं त्याच घटकेस सांगितलें, “पोरा, लंगोट सोड. डॉक्टर हो म्हणाल्याशिवाय हौद्यांत पाय टाकायचा नाहीं.” त्यांच्या शब्दांतील सारें शास्त्र आम्हांस नंतर हळूहळू कळत गेलें.

घेरी येते ती मेंदूला कांहीं क्षण पुरेसें रक्त न मिळाल्यामुळें. व्यायाम करणाऱ्यास ती दोन प्रकारें येऊं शकते, आणि या दोहोंतील भेद ज्यानें त्यानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. बैठका मारीत असतां मांड्यांतील रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, आणि पोटऱ्यांचे व मांड्यांचे स्नायू दर आकुंचनाबरोबर रक्त वर हृदयाकडे ढकलीत असतात. माणूस एकदम थांबून उभा राहिला, कीं हा पंप बंद पडतो. रक्त पायांत सांचतें आणि डोकें गरगरतें. आडवें होऊन पाय उंच केले, कीं ही घेरी बहुधा उतरते. तिच्यांत सहसा भय नसतें, आणि व्यायाम संपल्यावर एकदम न थांबतां चार फेऱ्या घालाव्या, एवढा उपाय तिला पुष्कळ वेळां पुरतो. दुसरी घेरी श्रम ऐन भरांत असतांना येते. तिचें तसें नाहीं. त्या वेळीं हृदय सर्व शक्तीनें रक्त फेंकीत असावयाचें. तें मेंदूपर्यंत पोंचलें नाहीं, तर हृदयाच्या कामांतच कांहीं अडथळा असण्याचा संभव असतो. म्हणून “घेरी केव्हां आली?” हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो. “किती वेळ होती?” हा नंतरचा.

कुस्तींत मात्र या प्रश्नाचें उत्तर सरळ मिळत नाहीं. पट काढतांना किंवा खालून उठतांना पैलवान श्वास कोंडून जोर लावतो. छातींतील दाब वाढतो, हृदयाकडे परतणारें रक्त घटतें, आणि निरोगी माणसासही क्षणभर अंधारी येऊं शकते. मानेवर पकड बसली तरी तसेंच. तेव्हां लढतींत आलेली घेरी निरुपद्रवी कीं घातक, हें नुसत्या हकीकतीवरून ठरवितां येत नाहीं, तपासावेंच लागतें.

तपासाचीं साधनें आज जिल्ह्याच्या गांवींही मिळतात, पण त्यांचा इतिहास मोठा मौजेचा आहे. हृदयाच्या विजेचा आलेख काढणारें यंत्र हॉलंडांतील आइन्थोव्हन यांनीं सिद्ध केलें व त्यासाठीं त्यांस १९२४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचें मूळ यंत्र कित्येक मण वजनाचें होतें व तें चालविण्यास पांच माणसें लागत. आज ईसीजीचें यंत्र पिशवींत मावतें. ध्वनिलहरींनीं हृदयाचें चित्र काढण्याचा आरंभ स्वीडनमध्यें लुंड येथें १९५३ सालीं एडलर व हर्ट्झ यांनीं केला, तो धातूंतील दोष शोधण्यासाठीं कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या यंत्राच्या आधारें! यालाच आपण ‘एको’ म्हणतों. एकोमध्यें हृदयाच्या भिंतीची जाडी मिलिमीटरांत मोजतां येते, आणि आमची सारी अडचण या मिलिमीटरांतच आहे.

ती अशी. नियमित कष्टाच्या व्यायामानें जसे दंड भरतात, तसें हृदयही भरतें. हेन्शेन या स्वीडिश वैद्यानें १८९९ सालींच, छातीवर बोटांनीं ठोकून, बर्फावरून घसरत शर्यती करणाऱ्यांचीं हृदयें मोठीं असल्याचें ओळखलें होतें. हें मोठेपण रोग नव्हे. तें कसदार अंगाचें लक्षण आहे. परंतु एक आजार असा आहे, कीं ज्यांत हृदयाच्या स्नायूची भिंत जन्मजात जनुकांतील दोषामुळें जाड होते. त्यास हायपरट्रॉफिक कार्डियोमायोपॅथी म्हणतात. सुमारें पांचशें माणसांत एकास तो असतो, आणि पुष्कळांस तो आपणांस आहे याची वार्ताही नसते. अशा हृदयाची लय ऐन श्रमांत बिघडूं शकते, आणि तरुण खेळाडूंच्या आकस्मिक मृत्यूच्या कारणांत हें एक प्रमुख कारण मानलें जातें. भिंत बारा मिलिमीटरांच्या आंत असली तर बहुधा चिंता नाहीं. सोळाच्या वर गेली तर रोगाचा संशय बळावतो. तेरा ते पंधरा हा मधला पट्टा मात्र दोघांचाही आहे. तेथें व्यायामानें कमावलेलें हृदय आणि आजारी हृदय यंत्रावर जवळजवळ सारखींच दिसतात. आमचा आंकडा तेरा आला.

अशा वेळीं डॉक्टर जी युक्ति योजतात ती ऐकून आम्हांस प्रथम नवल वाटलें. ते सांगतात, तीन महिने तालीम पूर्ण बंद ठेवा आणि पुन्हां मोजूं. व्यायामानें वाढलेली भिंत व्यायाम सुटल्यावर पातळ होते. रोगानें वाढलेली होत नाहीं. म्हणजे ही विश्रांति निव्वळ सावधगिरी नव्हे. ती स्वतःच एक परीक्षा आहे, आणि जो पोरगा चोरून पहांटे शंभर जोर मारतो तो ती परीक्षा नासवितो. त्याचा दुसरा आंकडा खरा कीं खोटा हें मग कोणीच सांगूं शकत नाहीं.

न थांबल्यास काय होतें याचीं उदाहरणें दुर्दैवानें पुष्कळ आहेत. अमेरिकेंतील बास्केटबॉलपटु हँक गॅदर्स डिसेंबर १९८९ मध्यें सामना चालू असतां कोसळला. त्याच्या हृदयाच्या लयींत दोष आढळला, औषध सुरू झालें, आणि तो कांहीं आठवड्यांतच पुन्हां खेळूं लागला. औषधानें अंग जड वाटतें म्हणून मात्रा कमी होत गेली. ४ मार्च १९९० रोजीं तो मैदानावर पुन्हां कोसळला व मरण पावला. वय अवघें तेवीस. याच्या उलट नायजेरियाचा फुटबॉलपटु कानू. १९९६ च्या ऑलिंपिकांत सुवर्णपदक घेऊन तो इटलींतील क्लबांत दाखल होतांना तेथील वैद्यकीय तपासणींत त्याच्या हृदयाच्या झडपेंत दोष सांपडला. शस्त्रक्रिया झाली, कित्येक महिने खेळ बंद राहिला, आणि मग तो परतला व पुढें अनेक वर्षें खेळला.

हा दोष इटलींत सांपडला, ही केवळ दैवयोगाची गोष्ट नव्हे. स्पर्धेंत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूची ईसीजीसह तपासणी करण्याचा दंडक त्या देशांत १९८२ पासून आहे. व्हेनेतो प्रांतांत १९७९ ते २००४ या काळांत तरुण खेळाडूंच्या आकस्मिक मृत्यूंचें प्रमाण दरसाल लाखांत ३·६ वरून ०·४ वर आलें. या पद्धतीवर आक्षेपही आहेत. निरोगी मुलांना नाहक अडकविलें जातें, असें कांहीं तज्ज्ञ म्हणतात. आमचें मत विचाराल, तर जत्रेच्या फडांत उतरणाऱ्या मुलाचा निदान एक ईसीजी काढावा. एका नव्या लंगोटाच्या खर्चाहून त्यास फार अधिक पडत नाहीं.

घेरी हें एकच लक्षण नव्हे. तालमींत नव्यानें आलेला किंवा सुटीनंतर परतलेला मुलगा ईर्षेनें एकदम पांचशें बैठका मारतो, आणि दुसऱ्या दिवशीं त्यास लघवी काळ्या चहासारखी होते. हें उन्हाळीचें दुखणें समजून नुसतें ताक पीत बसूं नये. स्नायू फुटून त्यांतील रंगद्रव्य रक्तांत उतरलेलें असतें आणि तें मूत्रपिंडें बंद पाडूं शकतें. १९४१ सालीं लंडनवरील बाँबवर्षावांत ढिगाऱ्याखालीं चिरडलेल्या माणसांच्या बाबतींत बायवॉटर्स या वैद्यानें हाच प्रकार वर्णिला होता. तापाचेंही तसेंच. आपल्याकडे ताप अंगावर काढण्यांत पुरुषार्थ मानतात. परंतु कांहीं विषाणुजन्य तापांत हृदयाच्या स्नायूस सूज येते आणि त्या सुजेवर जोर काढणें घातक ठरूं शकतें.

आतां बळ जाण्याची भीति. अमेरिकेंत डॅलस येथें १९६६ सालीं पांच तरुणांस तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेविलें, तेव्हां त्यांची प्राणवायु वापरण्याची शक्ति चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनीं त्याच पांचजणांस पुन्हां तपासलें, तों तीस वर्षांच्या वयमानानेंही तितकी घट झालेली नव्हती! हें वाचून आमची झोंप उडाली होती. पण त्याच प्रयोगाचा उत्तरार्ध असा, कीं निजून उठलेल्या त्या तरुणांनीं कांहीं आठवडे व्यायाम करतांच गेलेलें सर्व परत मिळविलें. शिवाय तालीम बंद म्हणजे अंथरूण नव्हे. सावकाश चालण्यास आम्हांस मोकळीक आहे. हौदा उकरण्यास नाहीं, कारण फावड्यानें माती उलथणें हा बैठकांइतकाच कठीण व्यायाम आहे.

खुराकाचा प्रश्न मात्र आम्हीं कोणत्याही पुस्तकांत वाचला नाहीं, तो घरींच उद्भवला. जोर बंद आणि तूप, बदाम, दूध चालू, तर पैलवानाचें पोट सुटावयास वेळ लागत नाहीं. आईनें आमच्या वांट्याचें निम्में दूध धाकट्या भावाकडे वळविलें. तोही तालमींत जातो. परंतु हा आजार भावंडांत आढळूं शकतो असें कळल्यावर वडिलांनीं त्याचाही एको करविला. त्याची भिंत नऊ मिलिमीटर भरली, आणि आई त्या दिवशीं प्रथमच पोटभर जेवली. वाढत्या वयांत ही तपासणी कांहीं काळानें पुन्हां करावी लागते, एवढें डॉक्टरांनीं बजाविलें आहे.

आमची दुसरी मोजणी मे महिन्याच्या सुटींत व्हावयाची आहे. तोंपर्यंत वस्तादांनीं लहान मुलांच्या बैठका मोजण्याचें काम आमच्याकडे दिलें आहे, आणि ज्याला ज्या दिवशीं ताप असेल त्याचें नांव हजेरींतून वगळण्याचा अधिकारही.