चार सेकंदांत पाच गोळ्या

ऑलिंपिकमधला २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला तरी खरा वाटत नाही. समोर एका ओळीत पाच लक्ष्ये, नेमबाजाचा हात खाली. हिरवा दिवा लागला की एका हाताने पिस्तूल उचलायचे आणि प्रत्येक लक्ष्यावर एक गोळी झाडायची. आधीच्या फैरींना आठ आणि सहा सेकंद मिळतात, शेवटच्यांना फक्त चार. हात वर नेऊन पहिली गोळी सुटेपर्यंतच सव्वा-दीड सेकंद सरतो. उरलेल्या चार गोळ्या दोन-अडीच सेकंदांत.

अडचण एकच, झटका. तसे स्पर्धेतले .२२ बोअरचे काडतूस म्हणजे खेळणेच. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. पण ती सेकंदाला तीनशे मीटरच्या आसपास वेगाने निघते आणि तेवढ्याच जोराने पिस्तुलाला मागे रेटते. नळी मुठीच्या वर असल्याने पिस्तूल नुसते मागे येत नाही, तोंडही वर करते. दहा गुणांचे वर्तुळ १० सेंटिमीटर व्यासाचे. नळीच्या टोकाकडची माशी मागच्या खाचेतून अर्धा मिलिमीटर जरी सरकली, तरी नेम धरलेली गोळी २५ मीटरवर त्या वर्तुळाबाहेर जाते.

मग हा झटका आवरायचा कसा? खरे तर तो आवरता येतच नाही. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. माणसाची प्रतिक्रिया त्याच्या शेकडो पट मंद. जो नेमबाज झटका येणार म्हणून आधीच मनगट दाबतो, त्याची गोळी खाली जाते. प्रशिक्षक ही खोड पकडायला काडतुसांत गुपचूप एखादे डमी काडतूस मिसळतात. चाप ओढला, आवाज नाही, आणि पिस्तुलाचे तोंड मात्र खाली झुकलेले! चोरी जागच्या जागी पकडली जाते.

कसबी नेमबाज झटक्याशी भांडत नाही. मनगट आणि कोपर ताठ, मुठीची पकड दर गोळीला सारखी, चाप सरळ मागे. मग पिस्तूल दरवेळी सारखेच उसळते आणि सारखेच खाली येते. ते खाली येत असतानाच कमरेपासून धड वळते आणि पुढच्या लक्ष्यावर चापाचा दाब सुरू झालेला असतो. नुसता हात वळवणाऱ्याचा नेम बिघडलाच म्हणून समजा.

यंत्रानेही वाट काढून पाहिली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत नेमबाजांनी नळी हाताच्या पातळीत असलेले पिस्तूल आणले. तोंड वर उसळण्याचे कारणच काढून टाकलेले. डोके अफाट, पण नियम बदलले. आता नळीचा अक्ष अंगठा-तर्जनीच्या बेचक्याच्या वरूनच जावा लागतो. पण खरा चमत्कार हंगेरीच्या कारोली ताकाचचा. १९३८ मध्ये हातबाँबने त्याचा उजवा हात निकामी केला. त्याने डाव्या हाताने नव्याने सुरुवात केली आणि १९४८ व १९५२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके याच प्रकारात जिंकली.

पिस्तुलात महाराष्ट्राचे नाव झाले ते मात्र महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात. तिथल्या जलद टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद मोकळे, एकच गोळी, मग सात सेकंद विश्रांती. घाई कमी, पण हात दरवेळी खालून वर. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये चांगवॉनला विश्वचषकाचे सुवर्ण जिंकले. पुढे कोपराच्या दुखापतीने ती मागे पडली. २२ ऑगस्ट २०१८ रोजी पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत तिची आणि थायलंडच्या नाफास्वान यांगपायबूनची ३४ गुणांवर बरोबरी झाली. पाच गोळ्यांच्या निर्णायक फैरीतही ४-४. दुसऱ्या फैरीत राही ३-२ ने जिंकली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

ज्या मुलामुलींना या खेळाची ओढ वाटते, त्यांनी .२२ च्या मोहात लगेच पडू नये. जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली आधी एअर पिस्तुलावर, तेही रिकाम्या, चाप सरळ ओढायला शिकावे.